दोन थरांमधलं चुंबकत्व

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं चौथं प्रकरण खोटं निघालं, तेव्हा ते लिहून पूर्ण झालं होतं. खोटं म्हणजे मी रचलेलं नव्हे. आकडे मशीननेच दिले होते आणि मशीनही नीट होतं. तरीही ते खोटं होतं, आणि हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर झोपावंसं वाटलं. दुपारचे बारा वाजले होते, समोर आलेख उघडा होता, आणि मला वाटलं, इथेच टेबलावर डोकं ठेवावं.

विषय सांगायला सोपा नाही, पण मावशीला, बाबांना, बसमध्ये शेजारी बसणाऱ्या बायकांना इतक्या वेळा सांगितला आहे की आता तो मला पाठ झाला आहे. अर्धवाहक म्हणजे असे पदार्थ, जे वीज धड वाहूनही नेत नाहीत आणि धड अडवतही नाहीत. मी असे दोन पदार्थ घेत असे, एक जस्ताचं ऑक्साइड, दुसरं कथिलाचं. नखाएवढ्या पारदर्शक स्फटिकाच्या तुकड्यावर आधी एकाचा थर चढवायचा, मग त्याच्यावर दुसऱ्याचा. थर इतके पातळ, की केसाच्या जाडीत असे हजारो मावतील. जिथे एक थर संपतो आणि दुसरा सुरू होतो, त्या जागेला आम्ही इंटरफेस म्हणतो. सगळी गंमत त्या जागी असते. सुटे असताना दोन्ही पदार्थ जसे वागतात तसे ते तिथे वागत नाहीत. एका बाजूचे इलेक्ट्रॉन दुसरीकडे सरकतात, सीमेलगत गर्दी करतात, आणि तेवढ्या पट्ट्यातून वीज सहज वाहू लागते. हे माझं तिसरं प्रकरण. चौथं प्रकरण चुंबकाचं. जस्ताच्या ऑक्साइडला चुंबक ओढत नाही, कथिलाच्याही नाही. पण दोन्ही एकमेकांवर चढवले की त्या सीमेवर अगदी क्षीण, तरी निश्चित चुंबकत्व उगवतं, तेही साध्या खोलीच्या तापमानाला. असं मी लिहिलं होतं.

त्यावर एक शोधनिबंध झाला होता आणि एका नियतकालिकाने तो स्वीकारलाही होता. छापून यायचा बाकी होता. आमच्या विद्यापीठात प्रबंध सादर करायच्या आधी निदान एक निबंध स्वीकारला गेलेला लागतो. माझ्याकडे तेवढा एकच होता. शिष्यवृत्ती संपली होती. त्या सत्रात प्रबंध गेला असता तर मी सुटले असते.

माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजला गेलं नाही. बाबा मराठवाड्यातल्या एका लहान गावच्या नगरपरिषदेत वॉलमन आहेत. लोखंडी चावी खांद्यावर घेऊन सायकलवर फिरायचं आणि वॉर्डावॉर्डाला आळीपाळीने पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. दर रविवारी त्यांचा फोन येई.

"काय करायलीस माय?"

"लिहायलेय बाबा."

"ते चुंबक कुठवर आलं?"

"आलं. छापायला गेलंय."

"मग आता बदलत नाही ना ते?"

"नाही बदलत."

मग आई मागून काहीतरी विचारी, आणि ते तिला सांगत, "छापायला गेलंय म्हणती." गल्लीत त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरीने चुंबक शोधलं. मी एकदोनदा म्हटलं, बाबा, असं नाही म्हणायचं, चुंबक आधीपासून आहे. ते म्हणाले, "मग तू काय शोधलंस ते नीट सांग, तसं सांगतो." मी सांगितलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा चुंबकावर आले होते.

हैदराबादमध्ये मी दिलसुखनगरला मावशीकडे राहते. मावशी लग्न होऊन इथे आली त्याला तीस वर्षं झाली. काका सरकारी दवाखान्याच्या कचेरीत लागले, पोरं इथल्याच शाळेत शिकली. तिची मराठी आमच्याच गावची, पण तिच्यात इथलं बरंच काही मुरलं आहे. एकदा भाकरी थापता थापता तिने मला विचारलं, "एवढी चार वर्षं घासून चुंबकच काढलंस व्हय गं? सुलतान बाजारात ढिगानं मिळतेत की." काका हसले, मीही हसले. मग ती म्हणाली, "हसू नक्को. उद्या कुणी पुसलं तर मी काय सांगू?" मी म्हटलं, सांग, दोन पदार्थ, दोघांत चुंबक नाही, जवळ आणले की मधे येतं. मावशीने जरा विचार केला आणि म्हणाली, "हां, मग ठीक आहे. असं होतं."

आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, तेलुगू. त्यांनी मला घेतलं त्या मुलाखतीत मी अर्धवाहकाला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी विसरले होते. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली, पुढचं शिक्षणही तालुक्याच्या कॉलेजात झालेलं. मी तोंडाला येईल ते मराठीत बोलत सुटले. बाकीचे दोघे घड्याळाकडे बघत होते. सर थांबले. म्हणाले, "अम्मा, ड्रॉ करो." मी फळ्यावर चित्र काढलं आणि त्यांनी मला घेतलं. तेव्हापासून ते मला अम्माच म्हणतात. इथे मोठी माणसं मुलींना तशीच हाक मारतात, पण मला ते दर वेळी नव्याने बरं वाटतं.

हे सांगायचं कारण असं, की पुढे जे झालं ते त्या उपकाराच्या ओझ्यामुळेच झालं, असं मला आज वाटतं.

आमच्या प्रयोगशाळेत सँपल उचलायला एक चिमटा होता, प्लास्टिकच्या टोकांचा. चुंबकत्व मोजायच्या कामात धातूचं काही सँपलला लागू द्यायचं नाही, ही पहिली शिकवण. मोजायचं सँपल आम्ही नळीत सरकवतो. ती नळी म्हणजे शीतपेय प्यायची साधी पारदर्शक स्ट्रॉ. लाखमोलाच्या मशीनमध्ये स्ट्रॉ जाते हे ऐकून मावशीची मुलगी किती तरी वेळ हसत होती. तर तिसऱ्या वर्षी माझ्या हातून त्या चिमट्याचं टोक मोडलं.

नवा मागवायचा म्हणजे सरांना सांगायचं, त्यांनी कागद करायचा, तो कागद तीन टेबलांवरून फिरायचा. त्यात विशेष काही नाही, सगळेच मागतात. पण त्याच महिन्यात मी सरांकडून तीन पत्रं घेतली होती, एक शिष्यवृत्ती अडकली होती त्याचं, एक जातपडताळणीच्या कागदासाठी सुट्टीचं, एक फी उशिरा भरण्याचं. प्रत्येक वेळी ते हातातलं काम ठेवून सही करत. चौथ्यांदा दारात उभं राहायचं, आणि तेही माझ्याच हातून मोडलेल्या वस्तूसाठी, हे माझ्याच्याने होईना. आम्हाला लहानपणापासून एकच सांगितलेलं, मिळालंय तेवढ्यात भागवायचं. शाळेत खडू संपला तरी आम्ही शेजारच्या वर्गात मागायला जात नसू. तुकडा धरून लिहायचो.

येताना मी सुलतान बाजारात उतरले. घड्याळाच्या हत्यारांचं एक दुकान आहे, तिथे बारीक टोकाचे स्टीलचे चिमटे मिळतात. म्हातारे दुकानदार कापडाने एकेक पुसून दाखवत होते. मी विचारलं, चुंबक चिकटतो का याला? त्यांनी गल्ल्यातून एक चुंबक काढला, चिमट्याला टेकवला आणि सोडून दिला. चुंबक काचेवर पडला.

"देख लो बेटी, चिपकताइच नई. घड़ी का काम है, चिपका तो हमारा धंदाच बैठ गया."

मी स्वतः दोनदा लावून पाहिला. नाही चिकटला. घेतला.

स्टीलमध्ये लोखंड असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पोराटोरांनाही माहीत असतं ते. पण माहीत असणं वेगळं आणि हाताला वाटणं वेगळं. आमच्या घरी लोखंड म्हणजे तवा, विळा आणि बाबांची चावी. ते गंजतं, हाताला काळं लागतं. स्टील म्हणजे ताट, तांब्या, पाहुण्यांसाठी वर ठेवलेले पेले. स्टील म्हणजे स्वच्छ. मी चिमटा रोज अल्कोहोलने धूत होते, मऊ कापडात गुंडाळून ठेवत होते. प्रयोगशाळेत माझ्याइतकी वस्तू जपणारी दुसरी कुणी नव्हती.

त्याच सुमारास माझी दोन थरांची सँपलं तयार होऊ लागली. एकेरी थरांची मोजणी आधीच झाली होती, जुन्या प्लास्टिकच्या चिमट्याने. त्यांत चुंबकत्व नव्हतं. दोन थरांची सँपलं मी नव्या चिमट्याने धरली, आणि त्यांत ते दिसलं. पडद्यावरची सरळ तिरपी रेघ मधोमध किंचित फुगली, आणि चुंबकाचं क्षेत्र वाढवताना जी वाट तिने धरली ती कमी करताना धरली नाही. असा वळसा फक्त चुंबकीय पदार्थ देतो. मी तीन सँपलं मोजली. तिन्हींत वळसा होता. सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पडद्याजवळ तोंड नेलं. "अम्मा," ते म्हणाले, "ये तो इंटरफेसच है." पुढल्या काही महिन्यांत त्यांनी तो आलेख परदेशातल्या एका परिषदेत दाखवला. परत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, लोक विचारत होते, कुणाचं काम आहे.

मग वर्ष दीड वर्ष लिहिण्यात गेलं. लिहिणं, नियतकालिकाच्या परीक्षकांच्या शंका, पुन्हा मोजणी, पुन्हा लिहिणं. मशीन आमच्या वाट्याला दर गुरुवारी येई. माझे दोन वर्षांतले गुरुवार कसे गेले ते मला आठवत नाहीत. एका सँपलला साडेतीन तास. पहिलं लावायचं, बसायचं, दुसरं लावायचं, बसायचं. परीक्षकांनी म्हटलं, रिकामा स्फटिक मोजून दाखवा. मी दाखवला. त्यात काही नव्हतं, कारण तो पहिल्या वर्षी, जुन्या प्लास्टिकच्या चिमट्याने धरून मोजलेला होता. हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही, त्यांच्याही नाही.

निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच्या पुढच्या आठवड्यात आमची ज्युनिअर धावत माझ्या टेबलाशी आली. नलगोंड्याची मुलगी, पहिलंच वर्ष. ती फक्त जस्ताच्या ऑक्साइडचा एकेरी थर करत होती, हात बसावा म्हणून.

"अक्का! अक्का, मेरे में भी आ गया!"

"काय आ गया?"

"मॅग्नेटिझम! देखो ना, तुम्हारे सरीकाच है. एक लेयर में आ गया अक्का, दूसरे की जरूरत भी नई पड़ी!"

तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. माझाच वळसा होता. मधोमध तेवढाच फुगलेला. ती बाजूला उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती, शाबासकीसाठी.

मी विचारलं, "सँपल कशाने उचललंस?"

"तुम्हारे चिमटे से. अच्छा है वो, पकड़ बराबर है उसकी."

मला तेव्हाच कळलं. तिच्या सँपलमध्ये इंटरफेस नव्हता. दुसरा थरच नव्हता. दोघींच्या सँपलमध्ये सारखी गोष्ट एकच होती, तो चिमटा. मी तिला म्हटलं, छान आहे, पण सरांना आत्ता नको दाखवू, आधी एकदा तपासू. मग ती जेवायला गेली आणि मी त्या आलेखासमोर बसून राहिले. डोकं टेबलावर ठेवावंसं वाटलं ते तेव्हा.

पुढच्या दोन गुरुवारी मी तपासलं. तीन कोरे स्फटिक घेतले, काहीही न चढवलेले. एकाला फक्त लाकडी दातकोरणीने ढकलत स्ट्रॉमध्ये घातलं. दुसऱ्याला स्टीलच्या चिमट्याने एकदा धरलं. तिसऱ्याला दहा वेळा धरलं, सोडलं, धरलं. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात वळसा होता. तिसऱ्यात मोठा वळसा होता. मग मी माझं सगळ्यात चांगलं सँपल काढलं, जे निबंधात पहिल्या आकृतीत होतं, आणि हिऱ्याच्या टोकाच्या कटरने त्याच्या दोन कडा कापून वेगळ्या केल्या. मधला भाग मोजला. शांत. कडा मोजल्या. सगळं चुंबकत्व त्या दोन कडांवर होतं, जिथे मी चिमट्याने धरत आले होते. डोळ्याला दिसणार नाहीत असे स्टीलचे कण. अखंड चिमट्याला चुंबक चिकटत नव्हता, पण धार काढून घासलेल्या टोकांची गोष्ट वेगळी असते, घासताना तिथलं स्टील किंचित चुंबकीय होतं. हे मी नंतर वाचलं. आमच्या विषयात ही चूक जुनी आणि प्रसिद्ध आहे, हेही नंतर वाचलं.

ज्युनिअर माझ्याबरोबर होती. ती हुशार आहे, तिला सगळं कळलं. कडांचा आलेख पडद्यावर आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "अक्का, पेपर तो हो गया ना?"

"हो."

"तो कायकू बोलना? किसी को मालूम नई पड़ता."

मी तिला रागावले नाही. कारण मीही तेच म्हणत होते, फक्त मनात. निबंध छापून येईल, प्रबंध जाईल, पदवी मिळेल. असे कितीतरी निबंध जगात पडून आहेत, कुणी वाचत नाही. दुसऱ्या कुणाला जमलं नाही तर म्हणतील, यांची सँपलं वेगळी असतील. असं सगळं मी स्वतःला सांगितलं. दोन दिवस मी कुणालाही काही बोलले नाही. रविवारी बाबांचा फोन आला तर मी म्हटलं, डोकं दुखतंय. ते म्हणाले, "झोप मग. झालंच आहे की तुझं."

सोमवारी मी पाचही आलेख छापून घेतले. सत्यासाठी उठले असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं हे की ती मुलगी पुढच्या वर्षी माझा निबंध समोर ठेवून आपलं काम सुरू करणार होती. तो खोटा आहे हे तिला माहीत असताना.

सर जेवून आले होते, डबा बंद करत होते. मी कागद त्यांच्यासमोर एकापुढे एक मांडले आणि क्रमाने सांगितलं. चिमट्याचं शेवटी सांगितलं. शेवटचा कागद त्यांनी हातात धरला तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

"कितनी बार करे?"

"कडा दोनदा, सर. कोरे स्फटिक तीन."

"वो लड़की को मालूम है?"

"हो सर."

त्यांनी खुर्ची मागे घेतली. "मैं ये ग्राफ बाहर जाके सबको दिखाया, अम्मा." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी विचारलं, प्लास्टिकचा चिमटा कुठे आहे. मी म्हटलं, मोडला. कधी? मी सांगितलं.

"मेरे को क्यूं नई बोले?"

मी सांगू लागले, सर, त्या महिन्यात तुम्ही आधीच तीन पत्रं...

"मैं पूछा क्या पत्र का?" आता आवाज चढला. "एक चिमटा मांगना था. एक चिमटा! मैं क्या तुमको खा जाता था?"

मी इतकी वर्षं ज्याला कृतज्ञता समजत होते, ती त्यांच्या बाजूने कशी दिसते ते मला पहिल्यांदा दिसलं. त्यांना तो अपमान वाटला होता. मी त्यांच्या दारात जायला घाबरत होते म्हणजे त्यांनी माझ्यासाठी कधी दार उघडंच ठेवलं नव्हतं असा त्याचा अर्थ होत होता. ते तसं नव्हतं, पण हे त्यांना कसं सांगायचं ते मला त्या क्षणी कुठल्याच भाषेत सुचलं नाही.

शेवटी ते म्हणाले, संपादकांना पत्र लिही. निबंध परत घेतोय म्हणून. तुझं नाव पहिलं आहे, तूच लिहायचंस. उद्या सकाळी मला दाखव.

चार ओळींचं पत्र लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागली. त्यांनी ते वाचलं, माझ्या तीन माफ्यांपैकी दोन खोडल्या आणि पाठव म्हणाले. नंतर तीन आठवडे ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. "अम्मा" नाही. परिषदेच्या लोकांनाही त्यांनी कळवलं असावं, कारण एकदा मी त्यांच्या दाराशी गेले तेव्हा ते फोनवर कुणालातरी इंग्रजीत सांगत होते की हो, आमच्याच प्रयोगशाळेतली चूक, नाही, सँपलमध्ये काही नाही. कुणाची चूक ते त्यांनी सांगितलं नाही. मी बाहेरच थांबले.

सत्र गेलं. प्रबंध गेला नाही.

बाबांना सांगणं मी टाळत होते, पण सांगावं लागलं. मी म्हटलं, बाबा, ते चुंबक नव्हतं. चिमट्याचे कण होते. ते म्हणाले, "कुणी पकडलं?"

"मीच."

"तूच केलंस आन् तूच पकडलंस?"

"हो."

"मग नोकरीवरून काढलं का तुला?"

"नाही बाबा. उशीर होईल फक्त."

"किती?"

"वर्ष."

आईला त्यांनी सांगितलं, "वर्ष लागतं म्हणती." तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही. गल्लीत त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. दिवाळीत गावी गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, तुझं चुंबक कसं आहे गं, तेव्हा कळलं, त्यांनी काहीच सांगितलेलं नाही.

शिष्यवृत्ती नव्हती, म्हणून मी दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागले. सकाळी सहा ते नऊ, बारावीचं भौतिकशास्त्र. एका वर्गात इतकी पोरं, की मागच्या बाकांवरचे चेहरे अजून मला ओळखता येत नाहीत. नऊला निघायचं, दोन बस, साडेदहाला प्रयोगशाळा. दुपारी तीनच्या सुमाराला डोळ्यांपुढे सगळं करडं होतं. मावशी डब्यात जास्तीची भाकरी घालते आणि म्हणते, "खा, नाहीतर पडशील कुठं तरी, मग मला फोन येतो." मी तिला सांगत नाही की भूक हा प्रश्न नाही.

तिसरं प्रकरण मात्र खरं होतं. विजेची मोजणी सोन्याच्या बारीक तारा सँपलच्या मधल्या भागावर जोडून केलेली होती. कडेच्या कणांनी तिला काही होत नव्हतं. तरी माझा माझ्यावर विश्वास उरला नव्हता, म्हणून मी सगळी सँपलं पुन्हा केली. सरांनी न बोलता चार नवे चिमटे मागवून ठेवले होते, प्लास्टिकचे, ज्युनिअरच्या टेबलावर दोन आणि माझ्या टेबलावर दोन. इलेक्ट्रॉनची ती गर्दी सीमेलगत पहिल्यासारखीच होती. चुंबकत्वही पुन्हा मोजलं. सात सँपलं, सात गुरुवार. सातही वेळा सरळ तिरपी रेघ आली. पाचव्या वेळेपर्यंत मला आत कुठेतरी वाटत होतं, येईल, थोडं तरी येईल. सहाव्या वेळी मी रेघेकडे न बघता डबा खाल्ला.

त्यावर नवा निबंध लिहिला. वीज वाहते, चुंबकत्व नाही. त्यात मी एक परिच्छेद आणि एक आकृती चिमट्याची घातली. कोणत्या चिमट्याने किती वेळा धरलं तर किती मोठा वळसा येतो, ते सगळं. गेल्या महिन्यात परीक्षकांची मतं आली. एकाने सरळ होकार दिला. दुसऱ्यानेही दिला, पण लिहिलं की चिमट्याचा परिच्छेद अनावश्यक आहे, ही गोष्ट या विषयातल्या प्रत्येक नवशिक्याला ठाऊक असते, तो काढून टाकावा.

सरांनी मला बोलावलं आणि ते पत्र पुढे सरकवलं.

"निकाल देंगे, अम्मा? दो लाइन की बात है. निकाल दिए तो इसी सत्र में तुम्हारा काम हो जाता."

"राहू द्या सर."

"हंसेंगे लोगां."

"हो सर."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "फिर लौटा दिए तो? और छह महीने."

मी मान हलवली. मला ते सहा महिने नको होते. रोज पहाटे पाचला उठताना मला ते नको असतात. तरीही मी म्हटलं, राहू द्या. सर म्हणाले, मग उत्तर तूच लिही, आणि कागद माझ्याकडे दिला.

मी तिथेच, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून लिहिलं. परीक्षकांचे आभार मानले. परिच्छेद ठेवू द्यावा अशी विनंती केली. कारण म्हणून एकच वाक्य लिहिलं, की हे आम्हालाही ठाऊक होतं आणि तरीही आमच्या हातून झालं. सरांनी वाचलं, काही खोडलं नाही.

संपादकांचं उत्तर अजून आलेलं नाही.